अप्पांच्या जादूचं पथ्य

जादूचे चार प्रकार असतात, हे मी एकदा अख्खी दुपार खर्चून फळ्यावर सिद्ध करून दाखवलं होतं. फळा घरचाच, शिकवणीच्या पोरांसाठी हॉलमध्ये ठोकलेला. समोर तीन माणसं बसली होती आणि तिघांपैकी एकालाही ते ऐकायचं नव्हतं. पण मी नांदेडात अकरावी-बारावीला गणित शिकवतो. खडू हातात आला की समोरच्याला ऐकायचंय का, हे विचारायची आमच्या धंद्यात पद्धत नाही. त्या दुपारचा मला नंतर इतका राग यायला लागला की तो फळा उपसून मी गच्चीवर नेऊन टाकला. शिकवणी आता व्हाइटबोर्डवर चालते.

आधी खेळ सांगतो, म्हणजे पुढचं कळेल. हा टेबलाभोवती बसून खेळायचा गोष्टीचा खेळ. एकजण गोष्ट सांगतो, बाकीचे तिच्यातली माणसं होतात. सांगणारा म्हणतो, तुम्ही नदीकाठी आलात, पलीकडे राक्षस उभा आहे, आता काय करता? कुणी म्हणतं तलवार काढतो, कुणी म्हणतं पळतो. जमलं का नाही, ते फासा टाकून ठरवायचं. एकेक गोष्ट वर्ष वर्ष चालते. पुण्यात इंजिनिअरिंगला असताना मला याचं वेड लागलं. इंजिनिअरिंग सुटलं, वेड राहिलं. नांदेडला परत आल्यावर खेळायला माणसं कुठून आणायची? बायकोला बसवलं. घरासमोरचा मेडिकलवाला मित्र, त्याचं दुकान रविवारी दुपारनंतर बंद, त्याला ओढून आणला. चौथं माणूस काही मिळेना. तेव्हा अप्पा, म्हणजे माझे वडील, कोपऱ्यातल्या खुर्चीत पेपर वाचत होते. पेपर खाली करून ते म्हणाले, "मी बसू का मंग?"

मला हसूच आलं. अप्पा गुरांच्या सरकारी दवाखान्यात ड्रेसर होते. मूळचे हिमायतनगरकडचे, पण सगळी नोकरी लोहा तालुक्यात, सायकलवर. म्हशीच्या पोटात कोपरापर्यंत हात घालणारा माणूस. राक्षस, परी, जादू असल्या गोष्टींशी त्यांचा संबंध नाही, असं मी धरून चाललो होतो. आपण आपल्या बापाबद्दल किती गोष्टी अशा धरून चालतो, कुणी मोजायला नको.

त्यांना विचारलं, तुम्हाला गोष्टीत कोण व्हायचंय. मला वाटलं शेतकरी म्हणतील, नाहीतर शिपाई. अप्पा म्हणाले, "मांत्रिक."

आता अप्पांचं आणि मांत्रिकांचं आयुष्यभराचं वैर. जनावराला साप चावला, आमच्याकडे पान लागलं म्हणतात, की लोक आधी फुंकणाऱ्याकडे पळायचे आणि मग दवाखान्यात. तोवर जनावर गेलेलं असायचं. अप्पा अशा लोकांना तोंडावर शिव्या द्यायचे. मी म्हणालो, अप्पा, तुम्ही आणि मांत्रिक? ते म्हणाले, "खरं कधी चाललं न्हाई कुणाचं. इथं तरी चालू दे की एखाद्याचं."

तेव्हा आमच्याकडे नियमांचं पुस्तक नव्हतं. सापशिडीचे दोन फासे आणि माझी जीभ, एवढ्यावर कारभार. जादू कशी चालते, असं अप्पांनी विचारलं तेव्हा मी म्हटलं, तुम्हीच ठरवा. त्यांनी एक आठवडा घेतला आणि पुढच्या रविवारी ठरवून आले. खेड्यात ज्याला विंचवाचा, सापाचा मंत्र येतो म्हणतात, त्याला पथ्य असतं. कुणी शेपू खायचा नाही, कुणी कुणाच्या घरी पाणी प्यायचं नाही. पथ्य मोडलं की मंत्र गेला. अप्पांच्या म्हाताऱ्या मांत्रिकाची जादू अशी होती: जे मागायचं, त्याच्या तोलाचं काहीतरी सोडायचं. लहान मागितलं तर लहान, मोठं मागितलं तर मोठं. आणि सोडलं ते सोडलं, परत घ्यायचं नाही.

पहिल्याच गोष्टीत एका गावाच्या विहिरी आटल्या होत्या. अप्पांचा म्हातारा विहिरीच्या काठावर बसला आणि म्हणाला, मीठ सोडलं. पाणी आलं. मी विसरून गेलो. पुढे पाच-सहा रविवारांनी राजाच्या घरी जेवण होतं, मी पक्वान्नं रंगवून सांगत होतो, मेडिकलवाल्याचा सरदार तंगड्या तोडत होता. अप्पा शांतपणे म्हणाले, "माझ्या म्हाताऱ्याला अळणी वाढा म्हणा." आम्ही तिघंही इतकं हसलो की बायकोच्या डोळ्यांत पाणी आलं.

वर्षभरात म्हाताऱ्याने मीठ सोडलं, चपला सोडल्या, खाटेवर झोपणं सोडलं, चांदण्यात बाहेर पडणं सोडलं. एकदा एका आंधळ्या पोरीला दिसावं म्हणून आपल्याला रंग दिसणं सोडलं. त्यानंतर मी कुठल्याही वस्तूचा रंग सांगितला की अप्पा हात वर करायचे, "ते ह्यांना सांग. मला न्हाई दिसत." मेडिकलवाला म्हणायचा, अप्पांचा म्हातारा एक दिवस श्वास सोडेल आणि आपल्याला सगळ्यांना स्वर्गात नेईल. अप्पा लई खूश व्हायचे. सहा दिवस ते फारसे बोलत नसत, रविवारी मात्र दोन वाजल्यापासून चटई झटकायला घेत.

एक गोष्ट इथे सांगायलाच पाहिजे, कारण ती लपवली तर माझा गुन्हा लहान दिसेल. अप्पा चहा पीत नाहीत. चहा झाला की त्यांना पेल्यात नुसतं गरम पाणी द्यायचं. आई आजारी पडली त्या वर्षी त्यांनी चहा सोडला. दिवसाला आठ कप पिणारा माणूस. देवाला मानत नव्हते, नवस बोलले नाहीत, कुणाला काही सांगितलं नाही. नुसतं एका सकाळी म्हणाले, मला नको. आई सहा महिन्यांनी गेली. मी नंतर एकदा म्हटलं, अप्पा, आता कशाला, घ्या ना कपभर. ते म्हणाले, "सोडलं ते सोडलं." हे मला माहीत होतं. आधीपासून, पक्कं माहीत होतं.

मग पुस्तक आलं. मेडिकलवाल्याच्या मेहुण्याने हैदराबादहून आणलं, जाडजूड, इंग्रजी, रंगीत चित्रांचं, सोबत वीस बाजूंचा फासा. अप्पा त्याला आवळा म्हणायचे. उन्हाळ्याच्या सुट्टीत मी ते पुस्तक परीक्षेला बसल्यासारखं वाचलं. आणि मला आमचा खेळ एकदम गावठी वाटायला लागला. खोटं कशाला बोलू, लाजच वाटायला लागली. पुण्याचे जुने मित्र फोनवर विचारायचे, कुठल्या नियमांनी खेळता? वडील काहीतरी सोडतात आणि जादू होते, हे कसं सांगणार?

त्या लाजेतून ती फळ्याची दुपार आली. पहिला प्रकार, मी लिहिलं: सकाळी मंत्र पाठ करायचे, दिवसाला ठरावीक, एकदा म्हटला की तो डोक्यातून पुसला जातो, झोप झाल्यावर पुन्हा पाठ करायचा. पुस्तकातला प्रकार हाच. दुसरा: अंगात शक्तीचा साठा, मोबाईलच्या चार्जिंगसारखा, वापरला की उतरतो. तिसरा: मंत्र हवा तितक्यांदा म्हणा, पण दरवेळी फासा टाका, फासा फिरला की जादू अंगावर उलटते. चौथ्यासमोर मी लिहिलं, अप्पांचा. आणि पुढे कंस करून, नियम नाहीत.

आज मला कळतं की चारांत सगळ्यात कडक नियम त्या चौथ्याचा होता. बाकी तिन्हींत माणूस झोपून उठला की पुन्हा जसाच्या तसा होतो. अप्पांच्या जादूत म्हातारा परत कधीच पहिल्यासारखा होत नव्हता. एवढी साधी गोष्ट गणिताच्या मास्तराला दिसली नाही. मी बोलत होतो समतोलावर. एकाला काहीही करता येतं, हा बाकीच्यांवर अन्याय आहे, म्हणालो. बायको म्हणाली, "आमची तक्रार नाही." मेडिकलवाला म्हणाला, "माझी पण नाही." मी म्हणालो, प्रश्न तक्रारीचा नाही, पद्धतीचा आहे.

अप्पांनी एकच विचारलं. "सकाळी पाठ केलं अन् एकदा म्हणलं की विसरलं? मंग ते पाठ झालंच कुठं?"

मी म्हणालो, अप्पा, तसं असतं त्यात.

मग मी म्हाताऱ्याचं रूपांतर केलं. खेळणारे लोक हे करतात. एका नियमातलं पात्र दुसऱ्या नियमात उतरवून घेतात. मोठ्या अभिमानाने मी कागद तयार केला: तिसऱ्या पातळीचा जादूगार, एवढे मंत्र, एवढा जीव. कागद अप्पांच्या हातात दिला आणि म्हणालो, चला, सुटलात. आता मीठ खा, खाटेवर झोपा, रंग बघा.

अप्पांनी कागद उलटसुलट करून पाहिला. "अन् ते सोडलेलं समदं?"

"ते नाही आता. ते संपलं."

"म्हंजे उगंच सोडलं होतं."

 तोवर मी मेडिकलवाल्याचा कागद भरायला घेतला होता.

अप्पांनी शिकायचा प्रयत्न केला, हे लिहिताना मला जास्त लागतं. ड्रेसरचं इंग्रजी औषधांच्या नावांपुरतं. ते पुस्तक घेऊन खिडकीत बसायचे, माझ्याकडून शब्दांचे अर्थ विचारायचे आणि शाळकरी अक्षरात मराठीत उतरवून काढायचे. रविवारी चुकायचे. एकदा म्हटलेला मंत्र दुसऱ्यांदा म्हणायचे, आणि मी सगळ्यांसमोर म्हणायचो, अप्पा, तसं चालत नाही. वर्गात म्हणतो त्याच आवाजात. पोरं वर्गात कोडगी होतात, ऐकून सोडून देतात. अप्पा प्रत्येक वेळी "बरं बरं" म्हणून वहीत टिपून घ्यायचे.

ज्या रविवारचं सांगायचंय तो गणपतीच्या आधीचा. गोष्टीत नदीखालची गुहा होती. बायकोचं पात्र, एक भटकी बाई, तिला गुहेतल्या नागाने डंख मारला. फासा फारच वाईट पडला. ती गेली. बायको म्हणाली, जाऊ दे, मी नवी बाई करते, आणि चहा टाकायला उठून दारापर्यंत गेली. अप्पा म्हणाले, "थांब."

त्यांनी वही मिटली. म्हणाले, "माझा म्हातारा आजपासून बोलणं सोडतो. कायमचं. पण ती उठली पाह्यजे."

मेडिकलवाल्याने माझ्याकडे पाहिलं. मला वाटतं, त्याला वाटलं मी मानणार. कुणीही मानलं असतं.

मी म्हणालो, "अप्पा, तिसऱ्या पातळीला तो मंत्र नाही."

"बरं. मंग डोळे सोडतो."

"सोडायचा प्रश्नच येत नाही. पुस्तकात सोडणं नाहीच आहे."

"तिला पान लागलंय," अप्पा म्हणाले. "काय तर सोडल्याबिगर कशी उठंल?"

आणि माझं डोकं फिरलं. तीन महिने समजावून सांगतोय, वही भरली, तरी पुन्हा तेच. मी म्हणालो, "अप्पा, असं काही सोडल्याने मेलेलं माणूस परत येतं का?"

बोलून झाल्यावर मला ऐकू आलं मी काय बोललो ते. बायको दारात उभी होती, ती तशीच उभी राहिली. अप्पा टेबलाकडे बघत होते. मग म्हणाले, "न्हाई येत. बरोबर हाय तुझं."

ते उठून गेले असते तर बरं झालं असतं. ते बसले. खेळ संपेपर्यंत बसले, फासा टाका म्हटलं की टाकला, किती आले ते वाचून सांगितलं. मेडिकलवाला घरी आणि अप्पा खोलीत गेल्यावर बायको मला म्हणाली, "तुम्ही त्यांना काय बोललात ते कळलं का तुम्हाला?" मी म्हणालो, खेळातलं बोललो मी. ती म्हणाली, "ते कुठं खेळत होते?"

त्याच वेळी जाऊन माफी मागायला पाहिजे होती. दहा पावलांवर त्यांची खोली. पण आमच्या घरात बाप-लेक एकमेकांची माफी मागत नाहीत; फार तर एकाने दुसऱ्याला विचारायचं, गोळी घेतली का? मी विचारलं, गोळी घेतली का. ते म्हणाले, घेतली. मला वाटलं, मिटलं.

पुढच्या रविवारी त्यांचे डोळे दुखत होते. त्याच्या पुढच्या रविवारी गुडघा. मग दसऱ्याला लातूरहून माझी धाकटी बहीण आली, आणि अप्पा म्हणाले, चार दिवस जातो हिच्याकडं. त्याला दोन वर्षं झाली. बहिणीचं घर औसा रोडला आहे, वरच्या मजल्यावर क्लासवाल्या पोरी भाड्याने राहतात. अप्पा त्यांची टाकी भरली का बघतात, गच्चीवर कुंड्या लावतात, बरे असतात. मी महिन्या-दोन महिन्यांनी जातो. तब्येत, हवा, पिकं, कुणाचं लग्न. चला म्हटलं की म्हणतात, "येईन की. तुमचं चालू द्या."

आमचं काही चालू नव्हतं. अप्पा गेल्यावर खेळ दोन महिने ओढला आणि बंद पडला. मेडिकलवाल्याने रविवारी दुपारीही दुकान उघडं ठेवायला सुरुवात केली.

यंदा दिवाळीच्या सुट्टीत मी काय केलं ते सांगतो. पुस्तक बाजूला ठेवलं आणि अप्पांची जादू नियमांत लिहून काढली. बारा पानं झाली. काय मागितलं तर काय सोडावं लागतं, सोडलेलं परत का घेता येत नाही, सगळं. लिहिताना पहिल्यांदा कळलं की ती किती नीट बांधलेली होती. अहमदपूरमार्गे लातूरला जाणारी गाडी पकडली आणि वाटभर ती पानं मांडीवर घेऊन बसलो. मला वाटत होतं, हीच माझी माफी. तोंडाने जमत नाही, तर अशी.

दुपारी जेवणं झाल्यावर मी म्हणालो, अप्पा, डाव मांडू या का? त्यांनी नाही म्हटलं नाही. बहीण पण बसली, कौतुकाने. मी त्यांचा म्हातारा परत आणला, त्याचं मीठ, चपला, रंग, सगळं पथ्य जसंच्या तसं. अप्पा म्हणाले, "बरं." मी गोष्ट सुरू केली. वाटेत ओढा लागला. पूर्वी अप्पा तडक उतरायचे. आता ते म्हणाले, "उतरलं तर चालंल का?" मी म्हटलं, चालेल. पुढे एक कुत्रं आडवं आलं. "त्याला भाकर टाकली तर चालंल का?" चालेल, अप्पा. झाडाखाली बसायचं होतं, तेही त्यांनी विचारलं.

बहिणीने माझ्याकडे पाहिलं. तिला काही माहीत नव्हतं. मला तिथेच थांबायला पाहिजे होतं. पण मी मास्तर, धडा पूर्ण केल्याशिवाय माझा पाय निघत नाही. मी तिच्या पात्राला गुहेत नेलं आणि नाग काढला. मुद्दाम. फासा मीच टाकला आणि कितीही पडले असते तरी मी तेच म्हणणार होतो. ती गेली, म्हणालो. आणि अप्पांकडे वळून म्हणालो, "आता पुस्तक नाही, अप्पा. तुमचा म्हातारा काय सोडतो ते सांगा. ती उठेल."

अप्पा माझ्याकडे बघत होते. रागाने बघत होते असं नाही. आजारी जनावर बांधलेलं असलं की लांबून अंदाज घ्यायचे, तसं.

"कितवी पातळी हाय माझी?" त्यांनी विचारलं.

"पातळी नाही आता. तुम्ही सोडा, ती उठते. चालतं, अप्पा. मी सांगतो ना, चालतं." माझा आवाज बिघडला होता. बहीण उठून पाणी आणायला गेली.

अप्पांनी फासा उचलून माझ्यासमोर ठेवला, माझा होता म्हणून.

"तू चालतं म्हणायलास, म्हणून चालणार," ते म्हणाले. "मंग मी काय सोडलं त्यात?"